स्वीडनमधलं 'फुकट' आरोग्य : फी किती, छत कुठे आणि गळतं कुठे?

उत्तरकाठ (धागाकर्ता)

मंडळी, घरी फोन केला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमचं काय बाबा, तिकडे सगळं फुकट!" आधी मी "हो ना" म्हणून विषय बदलायचो. यंदा सांध्यांच्या दुखण्याने दवाखान्याच्या बऱ्याच खेपा झाल्या आणि मी प्रत्येक पावती एका पाकिटात टाकत गेलो. परवा ते पाकीट टेबलावर पालथं केलं. फुकट तर नक्कीच नाही. पण आपल्याला ज्या खर्चाची धास्ती असते, तसाही नाही. मधलं जे काही आहे, ते नव्याने येणाऱ्यांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा धागा.

इथली आरोग्यव्यवस्था मुख्यतः आयकरावर चालते. देशात २१ रीजन आहेत, दवाखाने त्यांच्या अखत्यारीत. पगारातून रीजनचा म्हणून जो कर कापला जातो तो १२ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यातला बहुतेक पैसा आरोग्यावरच जातो. दारात आपण जी फी भरतो ती या सगळ्यात चिल्लर. तरीही ती भरावी लागते आणि किती भरायची ते रीजन ठरवतं. म्हणून शेजारच्या रीजनमधल्या मित्राचा आकडा आपल्या कामाचा नाही.

एक मात्र देशभर सारखं आहे : वरची मर्यादा. तिचं स्वीडिश नाव मला अजून एका श्वासात म्हणता येत नाही, म्हणून आपण तिला 'छत' म्हणू. दवाखान्याच्या फीचं छत २०२५ मध्ये १४५० क्रोना आहे (२०२३ मध्ये १३०० होतं, २०२४ मध्ये १४००, महागाईशी बांधलेल्या एका आकड्यावरून ते दरवर्षी ठरतं). बारा महिन्यांत तेवढे भरून झाले की उरलेल्या काळात फी शून्य. याला म्हणतात 'फ्रीकुर्त', म्हणजे मोफत कार्ड. नाव कार्डाचं असलं तरी आता हातात कार्ड येतंच असं नाही, बहुतेक ठिकाणी नोंद संगणकातच होते.

माझ्या खेपेचं उदाहरण देतो. धरा एका भेटीचे ३००. चार खेपांचे १२०० झाले. पाचव्या वेळी काउंटरवरच्या बाई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "आज अडीचशेच." मला वाटलं चुकून कमी घेतायत. प्रामाणिकपणा अंगात आला आणि मी म्हटलं, तीनशे ना? त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली : १४५० वजा १२००. सहाव्या खेपेपासून काउंटरवर फक्त ओळखपत्र.

आता जिथे सगळे फसतात (मीही फसलो) ती गोष्ट. हे बारा महिने पहिल्या भेटीच्या तारखेपासून मोजतात. छत गाठलं त्या दिवसापासून नव्हे. तुम्ही पाच भेटी तीन महिन्यांत उरकल्यात तर नऊ महिने फुकट. त्याच पाच भेटी अकरा महिन्यांत पसरल्या तर फुकटचा एकच महिना, मग पाटी कोरी. दुखणं तेच, पैसे तेवढेच, पण सवलत निराळी.

दुसरी गोष्ट. छत एक नाही. घरात प्रत्येक खोलीला वेगळं छत असावं तसा प्रकार आहे. औषधांचं वेगळं, प्रवासाचं (रीजनने दिलेली टॅक्सी वगैरे) वेगळं, दातांचा हिशेब तर निराळ्याच घरात. इस्पितळात दाखल झालात तर दिवसाला शंभर-दीडशेच्या आत फी असते, पण ती या १४५० मध्ये धरत नाहीत.

औषधांच्या छतात १ जुलै २०२५ ला मोठा बदल झाला. आधी ते २९०० होतं, आता ३८००. पहिले २००० क्रोना पूर्ण आपल्या खिशातून. त्यानंतर किमतीचा निम्मा भाग, मग पाव, मग दहा टक्के, असं उतरत जातं आणि आपण भरलेले ३८०० झाले की पुढे शून्य. माझी इंजेक्शनं महागडी. तीन महिन्यांचं खोकं एकदम मिळतं, त्यामुळे ती शिडी मी एकाच दमात चढलो : पहिल्याच दिवशी औषधाच्या दुकानात पूर्ण ३८००. त्यानंतरची खोकी शून्य क्रोनांत. वर्षाचा हिशेब मांडला तर महिन्याला सव्वातीनशेही नाहीत. पण ते वर्षाने विभागून येत नाहीत, एकाच दिवशी येतात आणि तो दिवस महिन्याच्या २१ तारखेला येतो, म्हणजे पगाराच्या चार दिवस आधी.

छतामुळे माणूस आजारपणात कंगाल होत नाही, हे शंभर टक्के खरं. पण छत वर्षाकडे बघतं आणि आपलं घर महिन्यावर चालतं. माझी तक्रार असलीच तर ती एवढीच.

(गाऱ्हाणं, वाचलं नाहीत तरी चालेल : वेळ घेऊन गेला नाहीत तर दंड. साधारण २४ तास आधी रद्द करावं लागतं. मी आदल्या दिवशी सकाळी फोन केला. यंत्र म्हणालं, आम्ही तुम्हाला १४.२० ला उलट फोन करू. माझी वेळ होती दुसऱ्या दिवशी ११ ची. १४.२० ला त्यांनी फोन केला तोवर २४ तासांची मुदत टळली होती. दंड आला. हा दंड छतात मोजत नाहीत, आणि फ्रीकुर्त असलं तरी माफ होत नाही.)

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. सहा वर्षं इथे आहे, पहिल्या भेटीपासून मोजतात हे आज कळलं. धन्य आहे.

रानजाई

उपयुक्त धागा. आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांना यातलं काही लागू होतं का?

उत्तरकाठ

@रानजाई, नाही. हे सगळं इथे रहिवासी म्हणून नोंद असलेल्यांसाठी. तुमचे आई-बाबा पाहुणे, त्यांना पूर्ण खर्च भरावा लागेल आणि तो शेकड्यांत नाही, हजारांत असतो. प्रवास विमा घेतल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. आधीपासून असलेलं दुखणं त्यात धरलंय का, तेही बारीक अक्षरात वाचा. नेहमीच्या गोळ्या तीन महिने पुरतील एवढ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

खडूस_काका

सगळं ठीक. पण मुळात पगाराचा तिसरा हिस्सा पालिका आणि रीजनला दिल्यावर दारात परत फी कशाला, हे मला कोणी सांगेल का? एकदा जेवणाचे पैसे घेतले, आता ताट धुण्याचे वेगळे?

आणि खरी किंमत क्रोनांत नाहीच, ती दिवसांत आहे. कागदावरची हमी अशी : आरोग्यकेंद्राशी त्याच दिवशी संपर्क, तीन दिवसांत तपासणी, विशेषज्ञाकडे ९० दिवसांत, आणि उपचार ठरल्यावर आणखी ९० दिवसांत. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी गुडघा सहा महिने तसाच. आणि वेळेवर होत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १४५० चं छत घेऊन काय करू? रांगेला छत घाला.

चिंचगुळ

काका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरकारी उत्तर असं की फी नसेल तर लोक सर्दी झाली तरी येऊन बसतील. फी हे दाराला लावलेलं कुंपण.

पण त्या कुंपणाने कोण अडतं, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड या संस्थेने मोठा प्रयोग केला होता. हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या योजनांत वाटलं. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चाचा २५ टक्के भाग स्वतः भरायचा, काहींना ५०, काहींना ९५. आणि सगळ्यांना वरची मर्यादा होती, उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांची, फार तर हजार डॉलर. म्हणजे छताची कल्पना तिथेही होतीच.

निष्कर्ष दोन, आणि लोक आपापल्या सोयीने एकच सांगतात. एक, पैसे भरावे लागले की माणसं कमी जातात, आणि सरासरी माणसाच्या तब्येतीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. हे फीवाल्यांचं आवडतं वाक्य. दोन, माणसं गरजेच्या आणि बिनगरजेच्या दोन्ही भेटी सारख्याच कमी करतात. छातीत दुखतंय ते आम्लपित्त की हृदय, हे रुग्णाला घरी बसून कसं कळणार? ते कळायलाच तर डॉक्टरकडे जायचं असतं. आणि जे गरीब होते आणि आधीच आजारी होते, त्यांचा रक्तदाब मोफत योजनेत जास्त चांगला आटोक्यात राहिला. कुंपण सगळ्यांना सारख्याच उंचीचं, पण उंची सगळ्यांची सारखी नाही.

जर्मनीतही २००४ पासून तिमाहीला १० युरो असं प्रवेशशुल्क होतं. (त्यांची व्यवस्था विम्यावरची आहे, करावरची नाही, पण फीचा मुद्दा तोच.) कारकुनी वाढली, डॉक्टर वैतागले. २०१२ संपताना रद्द केलं.

खडूस_काका

म्हणजे मी म्हणतोय तेच. काढून टाका.

चिंचगुळ

मी काढा म्हणत नाहीये काका. कुंपण ठेवायचं तर कोणासाठी फाटक उघडं ठेवायचं, ते आधी ठरवा, एवढंच म्हणतेय. आणि इथे ते बऱ्यापैकी ठरवलेलं आहे. गरोदरपणातल्या तपासण्या मोफत. १८ खालच्या मुलांची औषधं २०१६ पासून मोफत. ८५ च्या वरच्यांना २०१७ पासून बाह्यरुग्ण फी नाही. स्तनाच्या कर्करोगाची चाचणी मोफत. क्षयासारख्या संसर्गजन्य रोगांचा उपचार मोफत, कारण त्यात रुग्ण बरा होण्यात शेजाऱ्याचाही स्वार्थ असतो. आणि मधुमेह्यांना इन्सुलिन मोफत. तुमचं कुंपण तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे : पगार चालू, दुखणं मध्यम, तक्रार करायला वेळ भरपूर.

खडूस_काका

शेवटचं वाक्य वैयक्तिक होतं. पण खरं होतं.

टेम्सकाठचा

इंग्लंडकडून हजेरी. इथे डॉक्टरच्या भेटीला फी नाही, इस्पितळाला नाही, पण औषधाच्या चिठ्ठीवर प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड. गंमत म्हणजे वेल्सने हे शुल्क २००७ मध्ये काढलं, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये, स्कॉटलंडने २०११ मध्ये. एकाच देशात सीमेपलीकडे तीच गोळी फुकट. इंग्लंडमध्ये साठीच्या वरचे, मुलं, मधुमेहावर औषध घेणारे वगैरे सुटतात, त्यामुळे प्रत्यक्षात पैसे मोजणारे थोडेच. आमच्याकडे छत नाही, पण पास आहे : वर्षाचे ११४.५० पौंड आगाऊ भरा आणि लागतील तेवढी औषधं घ्या. आणि तो हप्त्यांनीही भरता येतो! म्हणजे उत्तरकाठ यांचं महिना-वर्षाचं दुखणं इथे सुटतं. फक्त आपण वर्षभरात किती आजारी पडणार, याचा अंदाज आधी बांधावा लागतो.

इतिहासातली एक गोष्ट. इथली सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) १९४८ मध्ये सुरू झाली ती संपूर्ण मोफत. तीन वर्षांत कवळी आणि चष्म्याला शुल्क लावायचं ठरलं, तर ज्याने ती उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीवरून! पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग लागला. १९६५ मध्ये काढला, १९६८ मध्ये परत आणला. काढ-घालीचा हा खेळ तेव्हापासूनचा आहे.

उत्तरकाठ

@टेम्सकाठचा, भारी. स्वीडनची उलटी गोष्ट ऐका. इथे १९७० पर्यंत सरकारी इस्पितळातल्या बाह्यरुग्ण विभागातही डॉक्टर रुग्णाकडून फी घेत, मग रुग्णाने पावती दाखवून काही भाग परत मिळवायचा. १९७० च्या जानेवारीपासून सरसकट सात क्रोना, तेही रुग्णालय चालवणाऱ्या प्रांतिक संस्थेला, आणि डॉक्टर पगारावर. त्याला 'सात क्रोनांची सुधारणा' असंच नाव पडलं. आमच्या मजल्यावरचे आजोबा अजून फीचा विषय निघाला की "सात!" म्हणून बोटं दाखवतात. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन.

फ्योर्डवासी

नॉर्वेत हे सगळं जरा सरळ आहे. छत एकच. डॉक्टर, मानसोपचार, फिजिओ, दीर्घ आजाराची औषधं, दवाखान्याचा प्रवास, सगळं एका टोपलीत. पूर्वी दोन टोपल्या होत्या, २०२१ मध्ये एक केल्या. २०२५ चा आकडा ३२७८ नॉर्वेजियन क्रोना. भरले की कार्ड आपोआप. कॅलेंडर वर्ष धरतात, त्यामुळे तुमच्यासारखा तारखांचा घोळ नाही. फिनलंडमध्येही कॅलेंडर वर्षच, तिथे दवाखान्यांच्या शुल्काचं छत २०२५ मध्ये ७६२ युरो होतं, औषधांचं वेगळं.

उत्तरकाठ

एक टोपली, हे मला पटलं. पण कॅलेंडर वर्ष नको रे बाबा. माझं दुखणं ऑक्टोबरात सुरू झालं. नॉर्वेत असतो तर ऑक्टोबर ते डिसेंबर भरत राहिलो असतो आणि १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून. आजार काय दिवाळी-पाडवा बघून येतो का? इथलं फिरतं वर्ष समजायला अवघड आहे, पण न्यायाचं आहे.

फ्योर्डवासी

डिसेंबरात आजारी पडू नये, एवढंच. :)

मुखवैद्य_नव्हे

दातांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? की सगळ्यांचं तिथेच दुखतं म्हणून?

तिथे छत नाहीच, फक्त छत्री आहे. ठरावीक दरपत्रकानुसार ३००० क्रोनांपर्यंतचं काम पूर्ण आपल्या खिशातून. २०२५ मध्ये ३००० ते १५००० मधल्या भागाला निम्मी मदत होती, त्यावर ८५ टक्के. दंतवैद्याने दरपत्रकापेक्षा जास्त लावले (आणि लावतात), तर वरचा फरक आपला. तरुणांना २३ वर्षांपर्यंत मोफत होतं, ते २०२५ पासून १९ वर आणलं. माझी मुलगी २० ची. मागच्या वर्षी तिला म्हटलं होतं, दाढ दाखवून घे. "नंतर" म्हणाली. त्या 'नंतर'ची पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली आहे.

शरीराच्या बाकी भागाला एक न्याय आणि दातांना वेगळा, याचं पटेल असं कारण आजवर कोणी दिलेलं नाही. दात काय उसने आणलेत?

खडूस_काका

+१. या एका मुद्द्यावर मी रस्त्यावर उतरायला तयार आहे.

गोळीवाली

मी इथे औषधाच्या दुकानात काम करते. रोज ज्यावरून लोक काउंटरवर वाद घालतात, ते सांगते.

एक, "हे माझं नेहमीचं खोकं नाही." बरोबर. एकसारख्या औषधांत दर महिन्याला सगळ्यात स्वस्त कुठलं ते ठरतं आणि आम्हाला तेच द्यावं लागतं. तुम्हाला नेहमीचंच हवं असेल तर मिळेल, पण फरक तुमच्या खिशातून आणि तो छतात मोजत नाहीत. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने बदलू नका असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

दोन, "फ्रीकुर्त पुढच्या आठवड्यात संपतंय, सहा महिन्यांचं देऊन टाका." नाही देता येत. एका वेळी फार तर तीन महिन्यांचं, आणि आधीचं दोन-तृतीयांश संपलेलं असलं पाहिजे. दर महिन्याला एक तरी गृहस्थ मला गोळ्या मोजून दाखवतात. आमच्या स्क्रीनवर तारीख असते हो.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे @उत्तरकाठ यांच्यासाठी : औषधांचे पैसे हप्त्यांनी देता येतात. सरकारी मालकीच्या औषधदुकानांच्या साखळीत ती सोय आहेच. छताची रक्कम महिन्यांत विभागून मिळते. लोक विचारत नाहीत, आणि रांग असली की आमच्याकडूनही सांगायचं राहतं. जुलैत छत वाढल्यापासून मी मुद्दाम सांगते. पहिल्या आठवड्यात एक आजी आल्या होत्या, पिशवीतून नेहमीप्रमाणे मोजून आणलेल्या नोटा काढल्या. पूर्वी पूर्ण पैसे १४५० पर्यंतच द्यावे लागायचे, आता २०००. नोटा पुरल्या नाहीत. दोन खोकी घेतली, तिसरं "पुढच्या वेळी" म्हणून परत सरकवलं. ते रक्तदाबाचं होतं. मी त्यांना बसवलं, हप्त्याचा अर्ज भरून घेतला, मग तिसरं पिशवीत टाकलं.

चिंचगुळ

हे तिसरं खोकंच मी वर शंभर ओळींत सांगायचा प्रयत्न करत होते.

उत्तरकाठ

@गोळीवाली, तुम्ही आधी कुठे होतात? २१ तारखेला मी बायकोच्या खात्यातून पैसे मागून घेतले हो.

तालुक्याचा_डॉक्टर

वाचनमात्र असतो, पण राहवलं नाही. आमच्याकडे महाराष्ट्रात केसपेपरचे पैसे १५ ऑगस्ट २०२३ पासून बंद झाले, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. रक्कम किरकोळच होती. पण खिडकीवरची सुट्ट्या पैशांची कटकट गेली. एवढंच. तुमचं चालू द्या.

रानजाई

अजून एक शंका, माझ्यापुरतीच. माझी पहिली भेट होती गेल्या वर्षी ३ मार्चला. छत गाठलं परवा, १८ फेब्रुवारीला. म्हणजे माझं फ्रीकुर्त फक्त...

उत्तरकाठ

...दोन आठवड्यांपेक्षा कमी. हो. फीचं आणि औषधांचं घड्याळ वेगवेगळं असतं, त्यामुळे औषधांच्या तारखेची काळजी वेगळी करा. पण पुढची तपासणी मार्चात असेल तर आजच फोन करून फेब्रुवारीत मिळते का बघा. कोणी ना कोणी वेळ रद्द करतंच.

गोळीवाली

सकाळी लवकर फोन करा. आदल्या दिवशी रद्द झालेल्या वेळा तेव्हा वाटतात.

रानजाई

केला. ९.४० ला उलट फोन येईल म्हणालं यंत्र.

खडूस_काका

शुभेच्छा.

रानजाई

मिळाली! २७ तारीख, सकाळी सव्वाआठ. फी शून्य. आता फक्त २६ च्या सव्वाआठनंतर मला ताप येऊ नये.